दवा-पाणी : नवतपा, नाकातलं जेल आणि दुधासोबतची गोळी

(फार्मसी कॉलेजात औषधनिर्माणशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या आणि आता संध्याकाळी नागपुरात भाच्याच्या प्रतापनगरातल्या मेडिकल स्टोअरमध्ये बसणाऱ्या बाई या सदरात वाचकांच्या शंकांना उत्तरं देतात. मागच्या अंकात पोटात हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांवर त्यांनी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी ही काही.)

बाई, माझ्या सासूबाईंना शुगरसाठी मेटफॉर्मिनची एसआर (हळूहळू औषध सोडणारी) गोळी चालू आहे. परवा त्यांना शौचात अख्खी गोळी दिसली, नुसती फुगलेली. तेव्हापासून त्या म्हणतात, औषध अंगी लागतच नाही, पैसे पाण्यात चालले. गोळी बदलून घ्यायची का?
– एक सून, महाल

गोळी बदलू नका. सासूबाईंना दिसलं ते नुसतं टरफल. औषध त्यातून केव्हाच निघून गेलेलं असतं.

या गोळीत मेटफॉर्मिन बहुधा एचपीएमसी नावाच्या पावडरीत मिसळून दाबलेलं असतं. लाकडाच्या किंवा कापसाच्या तंतूंपासून बनवलेलं हे पॉलिमर, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचा पदार्थ, ओलं झालं की सब्ज्यासारखं फुगतं आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर धरतं. पाणी त्या थरातून आत झिरपतं, औषध विरघळून त्याच वाटेनं बाहेर येतं, आणि हे काम तासन्‌तास चालतं. पॉलिमर स्वतः पचत नाही. औषध संपलं की उरलेला जेलचा गोळा आला तसा निघून जातो. दुकानात ही शंका घेऊन येणारी माणसं पुष्कळ, आणि बहुतेक सगळी आवाज खाली करून विचारतात. लाजायचं काही कारण नाही. गोळ्या बनवणाऱ्या कंपन्याच माहितीपत्रकात हे लिहितात, पण बारीक अक्षरात.

सासूबाईंचा विश्वास बसत नसेल तर एक गोळी वाया घालवा. सकाळी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात गोळी सोडा आणि पेला ओट्यावर त्यांना दिसेल असा ठेवा. थोड्याच वेळात कडा चिकट होतील. दुपारच्या जेवणापर्यंत बाहेर पारदर्शक थर आणि मधोमध पांढरा गाभा असं चित्र दिसेल. गाभा आक्रसत जातो, थर जाड होत जातो. रात्री चमच्यावर घेऊन बोटानं दाबली तर गोळी दबेल. शौचात दिसली होती ती हीच.

गोळी मोठी आहे, गिळवत नाही म्हणून खलबत्त्यात कुटून मात्र कधी देऊ नका. ते जेल बनलंच नाही तर दिवसभराचा डोस एका घोटात पोटात जातो. आणि जुलाब चालू असताना गोळी न फुगता, कडकच्या कडक बाहेर पडत असेल, शुगरही चढलेली असेल, तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

मॅडम, मी एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. नाकात टाकायचं इन-सिटू जेल (पातळ टाकायचं, तिथेच जमणारं) हा माझा प्रोजेक्ट. पोलोक्झॅमर ४०७ हे पॉलिमर साधारण १८ टक्के घेतलंय. जानेवारीत सगळं छान होतं, बाटलीत पातळ आणि ३३ अंशांना जेल. एप्रिल संपत आला तसं ते टेबलावरच घट्ट व्हायला लागलं, ड्रॉपरमधून थेंब पडत नाही. गाईड म्हणतात एसी लॅबमध्ये कर. फॉर्म्युलेशन बिघडलं का?
– एक विद्यार्थिनी, अमरावती रोड

बिघडलेलं काहीच नाही गं. तुझं जेल त्याला नेमून दिलेलं काम चोख करतंय, फक्त नाकात जायच्या आधीच. बाटली फ्रिजमध्ये ठेव, थोड्या वेळात पुन्हा पातळ होईल. पोलोक्झॅमरची ही जा-ये कितीही वेळा चालते.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. पोलोक्झॅमरच्या रेणूची साखळी तीन तुकड्यांची असते. दोन्ही टोकांना पाण्याशी गट्टी असलेला तुकडा आणि मधे पाण्याशी फारसं न जमणारा. थंडीत तो मधलाही कसाबसा पाणी धरून राहतो. तापमान चढलं की तो पाणी सोडतो, असे मधले तुकडे आत तोंड करून एकत्र येतात आणि त्यांचे बारीक गोळे होतात. त्यांना मायसेल म्हणतात. पॉलिमर पुरेसं असेल तर या गोळ्यांची इतकी दाटी होते की कुणाला हलायला जागा उरत नाही, आणि काल वाहणारा द्रव आज नळी उलटी केली तरी खाली येत नाही. आपल्या सवयीच्या उलटा कारभार आहे हा, गरम केलं की घट्ट आणि थंड केलं की पातळ. म्हणून हे जेल करायचंही थंड पाण्यातच. बर्फासारख्या गार पाण्यावर पावडर भुरभुरवायची, हलक्या हातानं ढवळायची आणि रात्रभर फ्रिजमध्ये सोडून द्यायची. सकाळी फेस बसलेला असतो आणि खाली स्वच्छ द्रव. कोमट पाण्यात घाई करणाऱ्याच्या हाती गुठळ्या येतात. या थंड पद्धतीचा शोधनिबंध इर्विंग श्मोल्का यांनी १९७२ साली लिहिला तो भाजलेल्या कातडीवर लावायच्या जेलसाठी. गार असताना ओतायचं, अंगावर पडलं की बसतं.

आता तुझ्या प्रश्नाच्या मुळाशी येऊ. शरीराच्या उष्णतेवर जमणाऱ्या सगळ्या जेलांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे बाहेरचं जग शरीरापेक्षा गार आहे. बाटली २५ अंशांवर, माणूस ३७ वर, आणि मधल्या बारा अंशांत कुठेतरी जेल होण्याचा बिंदू बसवायचा. पुस्तकं जिथे लिहिली गेली तिथे हे खरंच आहे. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपुरात ते उलटं होतं. पारा ४५ ला टेकतो, कुलर नसलेल्या खोलीतलं कपाट संध्याकाळी अंगापेक्षा गरम लागतं, आणि नाक तर आतून ३३-३४ अंशांचंच असतं. ४० ला पातळ राहील आणि ३४ ला जमेल असं पोलोक्झॅमर या जगात नाही, कारण त्याला कळते ती एकच दिशा. औषध किती टिकतं हे लवकर कळावं म्हणून आपण त्याला ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या पेटीत ठेवतो आणि त्याला खडतर चाचणी म्हणतो. मे महिन्यातल्या दुपारी तुझ्या कॉलेजचा व्हरांडा त्या पेटीपेक्षा गरम असतो.

पॉलिमर कमी केलंस तर जमण्याचा बिंदू वर सरकेल. पोलोक्झॅमर १८८ थोडं मिसळलंस तरी बहुधा वर जाईल. मीठ घातलंस तर खाली येईल, आणि चिकटपणासाठी कार्बोपॉल किंवा एचपीएमसी घालशील तर तेही बहुधा खालीच ओढतील. हे सगळे पेच फिरवून झाले की वॉटर बाथमध्ये नळी ठेव, एकेक अंशानं तापमान चढव, प्रत्येक वेळी नळी आडवी करून बघ. मग तीच चाचणी नाकातल्या स्रावासारख्या पाण्यानं द्रव पातळ करून पुन्हा घे. पुष्कळ मुलं दुसरी चाचणी घेतच नाहीत. नुसतं ३३ अंशांना जमणारं पातळ जेल नाकात गेल्यावर स्रावात मिसळतं आणि मग कुठल्याच अंशाला जमत नाही.

एसी लॅबचा सल्ला थीसिससाठी ठीक आहे. पण तुझं जेल एसीत आणि पेशंट हिंगण्यात पत्र्याच्या छताखाली, याचं काय? सरळ दोन वाटा आहेत. एक म्हणजे ‘२ ते ८ अंशांना ठेवा’ असं लेबल लावायचं आणि इन्सुलिनसारखं बर्फाच्या डब्यातून घरी न्यायला सांगायचं. वापरायच्या वेळी फ्रिजमधून काढून लगेच नाकात. दुसरी वाट म्हणजे उष्णतेवरची कळ सोडून द्यायची. जेलान गम हे दुसरं पॉलिमर घे. अर्ध्या टक्क्याच्या आसपास असलं तर पाण्यात पातळच राहतं आणि अश्रूंतले किंवा नाकाच्या स्रावातले सोडियम-कॅल्शियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, भेटले की जमतं. बाहेर ऊन किती आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. काचबिंदूचं टिमोलॉल या पद्धतीनं टिमॉप्टिक-एक्सई नावानं कधीचंच विकलं जातंय, आणि दिवसातून दोनदा टाकायचा थेंब त्यात एकदाच टाकायचा असतो. डोळ्यात नेहमीचा थेंब टाकला की पापण्यांच्या दोन-चार उघडझापीत बराचसा गालावर नाहीतर नाकात वाहून जातो, डोळ्याच्या आत पाच टक्केही पोचत नाही. तिथे थोडं थांबलं तरी मोठा फरक पडतो.

माझं मत विचारशील तर विदर्भात राहून उष्णतेवर चालणाऱ्या जेलचा हट्ट धरू नये. आयन घे, नाहीतर पीएच (आम्लपणाचं माप) घे. अश्रूंचा पीएच इथेही ७.४ च्या आसपास आणि नॉर्वेतही तोच.

बाई, मी बारावीत आहे. तापमानावर चालणारं जेल असतं तर पॅरासिटामॉल त्यात भरून हाताखाली बसवून का टाकत नाहीत? ताप आला की औषध आपोआप सुटेल, उतरला की बंद.
– एक विद्यार्थी, धरमपेठ

कल्पना चांगली आहे, आणि ती सुचणारा तू पहिला नाहीस. पण जेल नेमकं उलटं वागतं.

या कामातलं सगळ्यांत गाजलेलं पॉलिमर म्हणजे पॉली-एन-आयसोप्रोपिलअॅक्रिलअमाइड. जीभ अडखळते, म्हणून लॅबमध्ये सगळे पीनायपाम म्हणतात. साधारण ३२ अंशांच्या खाली त्याची साखळी पाणी धरून पसरलेली असते, वर गेली की पाणी टाकून आवळते. १९६८ मध्ये हेस्किन्स आणि गिलेट यांनी हे नोंदलं. दहा वर्षांनी एमआयटीत तोयोइची तनाका यांनी दाखवलं की पॉलिमरच्या जाळीचा जेल परिस्थितीत जरासा बदल झाला तरी एकाएकी शेकडो पट आक्रसू शकतो. तिथून या विषयाला खरा जोर आला.

आता तुझं पॅरासिटामॉल या जाळीत भर आणि तापव. जेल आवळतं, आधी थोडं औषध पिळून बाहेर येतं आणि मग वरचा थर इतका दाट होतो की आतलं औषध आतच अडकतं. म्हणजे तापात बंद आणि ताप उतरल्यावर चालू. रसायन बदलून हे उलटवता येतं. जमण्याचा बिंदूही सरकवता येतो, पाण्याशी गट्टी असलेले घटक जोडले तर वर आणि तेलकट घटक जोडले तर खाली. खरी अडचण पुढे आहे. तुला ३७ ला बंद आणि ३९ ला उघडी अशी कळ हवी. दोन अंशांचं अंतर, तेही हाताखालच्या कातडीत, जिथे दुपारी लूनाच्या सीटवर बसल्यावरही पारा चढतो. उन्हातून आलास की औषध सुटायचं. शिवाय आठवडाभराचं पॅरासिटामॉल म्हणजे काही ग्रॅम, तेवढं हाताखाली बसवणं हेच अवघड. गोळी घेतलेली बरी.

याच पीनायपामचा एक उपयोग मला फार आवडतो. तेरुओ ओकानो यांच्या टोकियोतल्या गटानं पेशी वाढवायच्या ताटलीच्या तळाला त्याचा पातळ थर लावला. ३७ अंशांना पेशी त्या थराला चिकटतात, वाढतात, एकमेकींचे हात धरून अखंड पापुद्रा होतो. एरवी तो सोडवायला पाचक एन्झाइम घालावं लागतं आणि पेशींची आपसातली वीण तुटते. इथे ताटली २० अंशांच्या आसपास गार करायची. तळाचा थर पाणी पिऊन फुगतो आणि पापुद्रा अख्खा सुटून वर तरंगतो. डोळ्याच्या बुबुळावर असे पापुद्रे लावले गेले आहेत.

आणि उष्णतेची कळ माणसात कुठेच चालत नाही असंही नाही. अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालेलं जेलमायटो हे मायटोमायसिन भरलेलं जेल मूत्रमार्गाच्या वरच्या भागातल्या एका कॅन्सरसाठी आहे. एरवी तिथे औषध सोडलं की लघवीच्या धारेत लगेच धुऊन जातं. हे गार असताना नळीतून आत जातं, शरीराच्या उष्णतेनं जमतं आणि काही तास टिकून हळूहळू विरघळतं. पण तिथे डॉक्टर, बर्फ आणि थंड खोली हाताशी असते. बघ, फरक कळला ना?

आदरणीय बाई, वय ७१. बद्धकोष्ठासाठी रात्री बिसाकोडिलची गोळी गरम दुधाबरोबर घेतो. पोटात फार मुरडा येतो, कधी मळमळतं. दूध तर पोटाला थंड, मग असं का?
– एक निवृत्त शिक्षक, सदर

काका, दुधानंच घात केलाय.

बिसाकोडिल जठरात सुटलं तर जठराला झोंबतं, म्हणून गोळीवर कवच असतं. जठरात जेवणाआधी पीएच १ ते ३ च्या घरात असतो आणि कवच तिथे विरघळत नाही. लहान आतड्यात पीएच ६ च्या वर गेला की ते सुटतं. कवचाच्या पॉलिमरवर आम्लाचे गट लटकलेले असतात. आम्लात ते स्वस्थ बसतात. पीएच चढला की त्यांच्यावर ऋण भार येतो, ते एकमेकांना ढकलतात, पाणी आत घुसतं आणि कवच विरतं. याच साखळ्या आडव्या दुव्यांनी एकमेकींना बांधल्या तर विरघळता येत नाही, मग त्या फुगतात. तेच पीएचवर चालणारं हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरणारं जेल. पूर्वी या कवचासाठी लाख वापरत, आपल्याकडे पळसावर किडा जी धरतो तीच. १९५४ पासून जर्मनीतलं युड्रॅजिट आलं आणि त्यात हवी ती पायरी निवडता येऊ लागली. एक जात पीएच ५.५ ला सुटते, एक ६ ला, एक ७ ला. मोठ्या आतड्याच्या सुजेवरच्या मेसालामाइनच्या काही गोळ्यांना ७ वाली चढवतात, म्हणजे त्या लहान आतड्याच्या शेवटाला पोचेपर्यंत मिटलेल्याच राहतात.

आता तुम्ही वर पेलाभर दूध ओतता. दुधाचा पीएच साडेसहाच्या पुढे. जठरातलं आम्ल तेवढ्यापुरतं मरतं, कवचाला वाटतं आतडं आलं, आणि ते तिथेच उघडतं. अॅसिडिटीचं पातळ गुलाबी औषध घेतलं तरी तेच होतं. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या, चावू नका, आणि दूध किंवा अॅसिडिटीचं औषध यांच्यात निदान तासाभराचं अंतर ठेवा. तरी मुरडा राहिला, किंवा गोळी आठवड्याच्या वर रोज लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. या वयात पोटाच्या सवयी अचानक बदलल्या तर नुसती गोळी वाढवत राहायचं नसतं.

इन्सुलिनचं तोंडानं घ्यायचं जेल निघालंय असं वाचलं. मुलीला टाइप १ डायबेटिस आहे, रोज सुया. किती वर्षं थांबायचं?
– एक आई, मनीषनगर

ताई, आज दुकानात मिळेल असं ते नाही, आणि थांबण्याच्या नादात एकही डोस चुकवू नका.

काम खरं आहे. निकोलस पेपास यांनी अमेरिकेत पॉलिमेथाक्रिलिक आम्लाच्या जाळीवर दुसरं पॉलिमर जोडलेलं जेल बनवलं. जठराच्या आम्लात त्याचे धागे एकमेकांना धरून आवळलेले राहतात, इन्सुलिन आत सुरक्षित असतं. आतड्यात पकड सुटते, जेल फुगतं आणि इन्सुलिन बाहेर येतं. इथवर छान. पण इन्सुलिन मोठं प्रथिन आहे. आतड्याची भिंत ओलांडून रक्तात त्याचा फारच थोडा वाटा जातो, आणि तो वाटा रोज सारखा नसतो. टाइप १ मध्ये डोस एका-दोन युनिटनं हलला तरी काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. दुसरी जातही आहे, त्यात जेलमध्येच ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम बसवतात. साखर वाढली की ते तिचं ग्लुकोनिक आम्ल करतं, पीएच उतरतो, जेल फुगतं. डोकं सुंदर लढवलंय, पण साखर वाढणं आणि जेल फुगणं यात वेळ जातो, आणि साखर उतरल्यावर जेलला बंद व्हायलाही वेळ लागतो.

आत्ता मुलीच्या उपयोगाचं म्हणाल तर पेनच्या बारीक सुया, पंप आणि सतत साखर मोजणारा सेन्सर. यांची चौकशी करा. आणि उन्हाळ्यात इन्सुलिन शाळेच्या दप्तरात तसंच ठेवू नका. मातीच्या भांड्यात किंवा गार राहणाऱ्या पाकिटात ठेवा, बर्फाला थेट टेकवू नका. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

संत्र्याच्या झाडाखाली टाकायचं हायड्रोजेल आणि तुम्ही लिहिता ते औषधाचं जेल एकच का? उरलेलं जखमेवर लावलं तर चालेल?
– एक बागायतदार, काटोल

जखमेवर नको, बाप्पा! नातं आहे, पण दूरचं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं पुसा हायड्रोजेल कोरड्या वजनाच्या ३५० पटींहून जास्त पाणी धरतं आणि मुळांना हळूहळू देतं. ते निर्जंतुक केलेलं नसतं, त्यात माती आणि गोदामातली धूळ मिसळलेली असते. जखमेला मेडिकलमधलंच घ्या.

झाडांसाठी मात्र वापरून बघायला हरकत नाही. मुळांच्या टप्प्यात, मातीत मिसळून, वर भुरभुरवून नाही. आणि ते मुद्दाम गरम मातीसाठी बनवलेलं आहे, ४० ते ५० अंशांना सगळ्यांत जास्त पाणी पितं. तेवढी गरम माती तुमच्याकडे मे महिन्यात फुकट आहे.